कन्सल्टिंग सोडून बेसबॉलमध्ये जाऊ का?

प्रश्न: मी मूळची मिरजेची. लग्नाआधीच शिकायला अमेरिकेत आले, आता बरीच वर्षं ह्यूस्टनमध्ये आहे. वय ३९. मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये काम करते. कंपन्यांची गोदामं, मालवाहतूक, साठा यांची गणितं सोडवणं हे माझं काम. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी हातात आलं. मुलगा लिटल लीगमध्ये खेळतो, त्याच्यामुळे बेसबॉलची ओळख झाली आणि आकड्यांची सवय असल्यामुळे ती वेडापर्यंत गेली. हौस म्हणून पिचरांच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, आकडेवारीवर काही काम केलं होतं, ते मेजर लीगमधल्या, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमधल्या, एका संघातल्या माणसाच्या पाहण्यात आलं. आता त्यांनी खेळाडू घडवणाऱ्या विभागात, म्हणजे मायनर लीगच्या बाजूला, नोकरी देऊ केली आहे. पगार आताच्या निम्म्याहून कमी. नवरा म्हणतो, बिनधास्त जा, जेफ लूनाऊ मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीतूनच आला आणि त्यानं इथल्या ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाला जिंकून दाखवलं. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, त्याच लूनाऊचं पुढं काय झालं तेही बघ. बाबा मिरजेहून फोनवर म्हणाले, ‘क्रिकेट असतं तर एक वेळ समजलो असतो.’ मी आयुष्यात बॅट हातात धरलेली नाही. तिथं माझं कोण ऐकणार? महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे.
एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर:

तुमचा नवरा आणि तुमची मैत्रीण एकाच माणसाचं नाव घेऊन दोन उलट सल्ले देताहेत, आणि दोघांपैकी कुणीही चुकीचं बोलत नाही. म्हणून आधी या माणसाची कारकीर्द सविस्तर बघू. माझं मत मात्र सुरुवातीलाच सांगते: नोकरी घ्या. फक्त ती कुठल्या अटींवर घ्यायची हे ठरवताना लूनाऊच्या विजयापेक्षा त्याच्या शेवटच्या तीन-चार वर्षांकडे जास्त बारकाईनं बघा.

लूनाऊचा जन्म १९६६ चा, मेक्सिको सिटीतला. आईवडील अमेरिकन, पण लहानपण तिथंच गेल्यामुळे स्पॅनिश अस्खलित. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अर्थशास्त्र आणि इंजिनिअरिंग अशा दोन पदव्या, नॉर्थवेस्टर्नच्या केलॉग स्कूलमधून एमबीए, मग मॅकिन्झीत काही वर्षं सल्लागार. डॉटकॉमच्या लाटेत पाळीव प्राण्यांच्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. पुढं ग्राहकाच्या मापाचे कपडे बनवून देण्याचं तंत्र पुरवणारी स्वतःची कंपनी काढली. आपल्याकडच्या कितीतरी हुशार मुलामुलींचा बायोडेटा असाच असतो. २००३ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सचे मालक बिल डेविट यांनी त्याला एकदम उपाध्यक्ष म्हणून घेतलं. ओळख निघाली ती मॅकिन्झीतल्या एका जुन्या सहकाऱ्यामुळे. तोवर त्यानं व्यावसायिक बेसबॉलमध्ये एक दिवससुद्धा काम केलेलं नव्हतं.

तुम्ही विचारता, माझं कोण ऐकणार. त्याचंही सुरुवातीला कुणी ऐकत नव्हतं. वॉल्ट जॉकेटी हे तिथले जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू घेण्या-सोडण्याचे सगळे निर्णय ज्याच्या हातात असतात तो माणूस. मुरलेले, आणि जिंकणारे. त्यांचा संघ उत्तम चालला असताना मालकानं बाहेरून एक एमबीए आणून बसवला, तर लोकांना काय वाटेल? त्याला ‘अकाउंटंट’ म्हणून हिणवायचे. कार्यालयात सरळ दोन गट पडले. २००६ मध्ये कार्डिनल्सनी वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकली, तरी ही तेढ मिटली नाही आणि २००७ च्या ऑक्टोबरात जॉकेटींना जावं लागलं.

लूनाऊ टिकला तो कामाच्या जोरावर. बेसबॉलमध्ये दरवर्षी शाळा-कॉलेजांतल्या मुलांमधून संघ आळीपाळीनं निवड करतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आपल्या क्रिकेट लीगच्या लिलावाशी त्याची गल्लत करू नये. इथं निवडलेला अठरा-वीस वर्षांचा पोरगा लगेच मोठ्या मैदानावर उतरत नाही. तो मायनर लीगमध्ये जातो, छोट्या गावांत, बसच्या प्रवासात काही वर्षं काढतो, आणि बहुतेकांचा प्रवास तिथंच संपतो. लूनाऊच्या देखरेखीखाली झालेल्या पहिल्या तीन ड्राफ्टमधून २४ मुलं मेजर लीगपर्यंत पोचली. त्या काळात दुसऱ्या कुठल्याही संघाला इतकं जमलं नाही. गावोगाव फिरून मुलं हेरणाऱ्या स्काउटचं मत आणि कॉलेजच्या सामन्यांची आकडेवारी, दोन्ही एकाच तराजूत टाकून निर्णय घ्यायचा, ही त्याची रीत. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये त्यानं संघाची अकादमी उभी केली, आणि तिथल्या मुलांशी तो त्यांच्याच भाषेत बोलू शकत होता. सिग मायडल नावाचा, नासात काम केलेला एक इंजिनिअरही त्यानं सोबत घेतला. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

२०११ च्या डिसेंबरात ह्यूस्टन ॲस्ट्रोजचे नवे मालक जिम क्रेन यांनी लूनाऊला जनरल मॅनेजर केलं. क्रेनही मालवाहतुकीच्या धंद्यातून वर आलेले, तुमच्याच क्षेत्रातले. संघ तळाला होता. लूनाऊनं तो आणखी खाली जाऊ दिला. महागडे खेळाडू सोडून दिले, तरुण मुलं गोळा केली, आणि दोन-तीन वर्षं हरायची तयारी ठेवली. २०१२ मध्ये १०७ सामने हरले, २०१३ मध्ये १११. तुम्ही ह्यूस्टनच्या, त्या दिवसांत स्टेडियम किती रिकामं असायचं हे तिथले जुने लोक तुम्हाला सांगतील. मग २०१५ मध्ये प्लेऑफ, २०१७ मध्ये वर्ल्ड सीरिज, आणि २०१९ मध्ये हाच संघ १०७ सामने जिंकला.

आकड्यांनी खेळाडूचं भलं कसं होतं याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण कॉलिन मॅकह्यूचं आहे. हा पिचर मेट्स आणि रॉकीज या दोन्ही संघांकडून खेळताना सपाटून मार खाल्लेला. २०१३ च्या डिसेंबरात रॉकीजनी त्याला सोडलं आणि ॲस्ट्रोजनी जवळजवळ फुकटात उचलला. कारण काय, तर त्याचा कर्व्हबॉल, म्हणजे वळून खाली पडणारा चेंडू, इतरांपेक्षा किती जास्त फिरतो हे ॲस्ट्रोजच्या विश्लेषकांनी मोजलं होतं. त्याला सांगण्यात आलं की सिंकर, म्हणजे खाली बुडणारा वेगवान चेंडू, बाजूला ठेव, कर्व्हबॉल जास्त टाक. पुढच्याच वर्षी तो संघाच्या भरवशाच्या पिचरांपैकी एक झाला आणि २०१५ मध्ये त्यानं १९ विजय मिळवले. कारकीर्द संपत आलेल्या माणसाला कुणीतरी नीट मोजून बघितलं, आणि त्याला स्वतःच्या हातातली गोष्ट दाखवून दिली. तुम्हाला देऊ केलेलं काम नेमकं हेच आहे.

आता दुसरं उदाहरण, त्याच संघातलं, तीनच महिन्यांनंतरचं. जे. डी. मार्टिनेझ नावाचा बॅटर होता. त्यानं त्या हिवाळ्यात आपली फटका मारायची पद्धत मुळापासून बदलली होती आणि तसं तो सांगतही होता. संघाकडे त्याचे जुने आकडे होते आणि ते वाईट होते. सरावाच्या सामन्यांत त्याला मोजक्याच संधी मिळाल्या आणि २०१४ च्या मार्चमध्ये त्याला सोडून दिलं. डेट्रॉइटनं त्याला घेतलं. २०१५ मध्ये त्यानं ३८ होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले, २०१७ मध्ये ४५. हिशेबात चूक नव्हती. पण आकडे मागच्या वर्षीच्या माणसाचे होते आणि समोर उभा असलेला माणूस वेगळा होता. नेटमध्ये जाऊन त्याच्याकडे चार दिवस लक्षपूर्वक बघायला कुणीतरी हवं होतं.

तुमची मैत्रीण ज्या गोष्टीची आठवण करून देते, तिची सुरुवात मला इथं दिसते. लूनाऊ बाहेरून आला म्हणून घसरला, असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. बाहेरून आलेला होता म्हणूनच तर त्याला नवे प्रश्न सुचले. तो घसरला, कारण निकाल चांगले येत असताना ते कसे येताहेत हे विचारायचं त्यानं हळूहळू बंद केलं.

सदराच्या बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. बेसबॉलमध्ये बॅटरच्या मागे बसलेला कॅचर बोटांच्या खुणा करून पिचरला कोणता चेंडू टाकायचा ते सुचवायचा. मैदानावरच्या खेळाडूनं नुसत्या डोळ्यांनी त्या खुणा ओळखल्या तर ते खेळात बसतं. कॅमेऱ्याच्या मदतीनं सामना चालू असताना ओळखल्या तर बसत नाही. २०१७ मध्ये ॲस्ट्रोजच्या घरच्या मैदानावर मधल्या कॅमेऱ्याचं चित्र डगआउटच्या, म्हणजे खेळाडू बसतात त्या जागेच्या, मागच्या पॅसेजमधल्या एका स्क्रीनवर चालू असायचं. खेळाडू ते बघून खूण ओळखायचे आणि शेजारच्या कचऱ्याच्या पिंपावर बॅट आपटायचे. धाड असा आवाज आला की बॅटरनं समजायचं, वळणारा किंवा मंद चेंडू येतोय. आवाज नाही आला तर वेगवान. २०१९ च्या नोव्हेंबरात माइक फायर्स या त्यांच्याच माजी पिचरनं नाव देऊन हे जाहीरपणे सांगितलं. १३ जानेवारी २०२० ला मेजर लीगचे प्रमुख, कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांचा अहवाल आला. लूनाऊ आणि मैदानावरचे मॅनेजर ए. जे. हिंच, दोघांवर एका वर्षाची बंदी. संघाला ५० लाख डॉलरचा दंड, शिवाय दोन वर्षांच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या निवडी रद्द. क्रेन यांनी त्याच दिवशी दोघांनाही काढून टाकलं.

लूनाऊ आजवर एकच सांगत आला आहे, की मला माहीत नव्हतं. पिंपाच्या प्रकाराची त्याला कल्पना होती असा पुरावा मिळाला नाही, हे अहवालानंही मान्य केलं. मग त्याला शिक्षा कशाची? त्या अहवालातला एक तपशील तुम्ही स्वतः वाचावा असा आहे. २०१७ च्या १५ सप्टेंबरला कमिशनरनी सगळ्या संघांना लेखी ताकीद पाठवली होती: खुणा चोरायला इलेक्ट्रॉनिक साधनं वापरली तर जनरल मॅनेजर आणि मॅनेजर यांना जबाबदार धरलं जाईल. लूनाऊनं ते पत्रक खाली पाठवलं नाही. खेळाडू आणि प्रशिक्षक नियम पाळताहेत का, याची चौकशी केली नाही. व्हिडिओ रूममध्ये खुणा फोडण्याचं जे काम चालायचं, त्याची त्याला थोडीफार कल्पना होती पण त्यानं तिकडे फारसं लक्ष दिलं नाही, असं अहवाल म्हणतो. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२० मध्ये, वॉल स्ट्रीट जर्नलनं आणखी एक बातमी छापली. २०१६ मध्ये एका इंटर्ननं लूनाऊसमोर पॉवरपॉइंटवर एक प्रेझेंटेशन केलं होतं, आणि त्यात खुणा फोडणाऱ्या एका एक्सेल शीटची माहिती होती. शीटचं नाव ‘कोडब्रेकर’. आपल्याला ते नियमात बसणारं काम वाटलं, असं लूनाऊचं म्हणणं.

एक मेल पुढं न पाठवणं. एका प्रेझेंटेशनच्या शेवटी ‘हे कधी वापरणार, कोण वापरणार?’ असा प्रश्न न विचारणं. तुम्ही आणि मी ज्या कार्यालयांत वावरतो तिथं रोज घडणाऱ्या या गोष्टी आहेत. कन्सल्टिंगमध्ये त्यांची फार मोठी किंमत मोजावी लागत नाही, कारण अहवाल देऊन आपण निघून गेलेलो असतो. इथं तुम्ही निघून जाणार नाही. तुमची शीट कुणीतरी सामन्यात वापरणार आहे. तिनं कुणीतरी संघात राहणार आहे आणि कुणीतरी घरी जाणार आहे.

तुम्ही बाई आहात म्हणून आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे, अप्रिय असला तरी. २०१८ मध्ये लूनाऊनं रोबेर्तो ओसुना या पिचरला घेतलं. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात लीगनं त्याच्यावर ७५ सामन्यांची बंदी घातली होती, त्यामुळे तो स्वस्तात मिळत होता. व्यवहार म्हणून फायद्याचा. संघातल्याच अनेकांना तो रुचला नव्हता. पुढच्या वर्षी मोठा सामना जिंकल्यावर लॉकर रूममध्ये लूनाऊचा सहायक जनरल मॅनेजर, तोही आर्थिक क्षेत्रातूनच आलेला, तीन महिला पत्रकारांच्या दिशेनं ओसुनाचं नाव घेऊन पुन्हा पुन्हा ओरडला. बातमी आली तेव्हा संघानं आधी ती बेजबाबदार ठरवली, पत्रकार महिलेलाच खोटं पाडलं, आणि तीन दिवसांनी माफी मागून त्या अधिकाऱ्याला काढलं. या प्रसंगाचा मला आजही राग येतो. आकड्यांवर चालणारी संघटना म्हणजे आपोआप न्यायानं वागणारी संघटना, असा आपल्या क्षेत्रातल्या लोकांचा एक भाबडा समज असतो. तो घेऊन तिथं जाऊ नका.

मग जा कशाला म्हणते? कारण त्याच संघटनेत, त्याच २०१७ मध्ये, सिग मायडलनं काय केलं तेही मला माहीत आहे. पन्नाशी ओलांडलेला हा इंजिनिअर त्या उन्हाळ्यात अंगावर संघाचा युनिफॉर्म चढवून न्यूयॉर्क राज्यातल्या ट्राय-सिटी व्हॅलीकॅट्स या छोट्या मायनर लीग संघाबरोबर राहिला. पोरांबरोबर बसनं प्रवास केला, पहिल्या बेसजवळ कोच म्हणून उभा राहिला. आपण वर बसून जे काढतो ते खाली कुणाला कळतं का, पटतं का, उपयोगी पडतं का, हे त्याला बघायचं होतं. एकाच संघातला एक माणूस त्या वर्षी बसमध्ये बसायला गेला आणि दुसऱ्यानं एक पत्रक पुढं पाठवलं नाही. तुम्ही यातल्या पहिल्या माणसाच्या वाटेनं जा. तुम्हाला देऊ केलेली जागा मायनर लीगची आहे म्हणून तुम्ही थोड्या हिरमुसलेल्या दिसता. मला तर तेच या नोकरीतलं सर्वांत चांगलं वाटतं. लूनाऊ मालकाच्या केबिनमधून आत आला आणि पुढची कित्येक वर्षं त्याला त्याचं लोढणं झालं. तुम्ही खेळाडूंच्या बाजूनं आत शिराल.

तुमच्या नवऱ्याला सांगा, उदाहरणच घ्यायचं तर अँड्र्यू फ्रीडमनचं घे. जन्म ह्यूस्टनचाच. बेअर स्टर्न्स या गुंतवणूक बँकेत विश्लेषक, मग एका प्रायव्हेट इक्विटी कंपनीत. २००४ मध्ये तो टॅम्पा बेच्या संघात आला, पण लगेच सर्वेसर्वा झाला नाही; दीड-दोन वर्षं आत राहून शिकला. २००५ चा हंगाम संपल्यावर, वयाच्या २८ व्या वर्षी, सगळा कारभार हातात आला तेव्हा त्यानं पहिल्यांदा काय केलं, तर गेरी हन्सिकर या अनुभवी, ह्यूस्टनचं जनरल मॅनेजरपद सांभाळलेल्या माणसाला शेजारी आणून बसवलं. तीन वर्षांत तो गरीब संघ वर्ल्ड सीरिज खेळला. आता तो लॉस एंजेलिस डॉजर्सचा प्रमुख आहे. २०२०, २०२४ आणि २०२५ अशा तीन वर्ल्ड सीरिज त्याच्या नावावर आहेत. २०१७ मध्ये ॲस्ट्रोजनी हरवलं ते याच फ्रीडमनच्या संघाला. त्याचं सगळंच निर्दोष होतं असं मी म्हणत नाही, त्याच्या हातात पैसाही अफाट आला. पण आपल्याला काय येत नाही हे ओळखून ते येणारा माणूस जवळ ठेवण्याची त्याची सवय उचलण्यासारखी आहे.

बॅट कधी हातात धरली नाही, याची काळजी सोडा. तुमच्यासाठी जास्त जवळचं नाव रेचल बाल्कोव्हेकचं. ही व्यायाम प्रशिक्षक. अर्जांना उत्तरंच येईनात, तेव्हा तिनं बायोडेटावर ‘रे’ असं पुरुषी वाटणारं नाव लिहिलं आणि फोन वाजायला लागले. २०१६ मध्ये ती ॲस्ट्रोजमध्ये लॅटिन अमेरिकन खेळाडूंच्या तंदुरुस्तीची प्रमुख झाली. त्या पोरांशी बोलता यावं म्हणून ती स्वतः स्पॅनिश शिकली. पुढं न्यूयॉर्क यांकीज संघाकडे बॅटिंग कोच, आणि २०२२ मध्ये त्यांच्या टॅम्पाच्या मायनर लीग संघाची मॅनेजर. या पदावर बसलेली ती पहिली स्त्री. नंतर मायामी मार्लिन्सनी तिला खेळाडू घडवणाऱ्या विभागाची संचालक केलं, म्हणजे तुम्ही जिथं चालला आहात त्याच विभागाची. त्याच मायामीनं २०२० मध्ये किम अँग यांना मेजर लीगमधली पहिली महिला जनरल मॅनेजर केलं होतं. अँग शिकागोत इंटर्न म्हणून लागल्या होत्या, आणि तिथून त्या खुर्चीपर्यंत पोचायला तीस वर्षं लागली. तेव्हा ऐकतील का, तर ऐकतील, पण लवकर ऐकतील या आशेवर नोकरी घेऊ नका.

स्पॅनिश मात्र आजपासून सुरू करा. महिनाअखेरपर्यंत थांबूही नका. मायनर लीगमधल्या पुष्कळ मुलांचं गाव डॉमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलात असतं. सोळाव्या-सतराव्या वर्षी करार करून घरापासून लांब आलेला पोरगा तुमच्या चार्टवर मान डोलावेल आणि बाहेर जाऊन मित्राला विचारेल, ती बाई काय म्हणाली? मिरजेत मराठी-कन्नड दोन्ही कानांवर पडत वाढलेल्या माणसाला तिसरी-चौथी भाषा जड जाऊ नये.

पगाराचं. निम्म्याहून कमी म्हणजे किती कमी, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नवऱ्याच्या एका पगारावर घराचा हप्ता, विमा आणि मुलाच्या शिक्षणाची शिल्लक निघते का, एवढं कागदावर मांडा. निघत असेल तर दोन वर्षं द्या. ओढाताण होत असेल तर घाई करू नका, कारण पैशाच्या ताणात माणूस साहेबाला नको ते प्रश्न विचारायला कचरतो आणि या नोकरीत तर तुम्हाला तेच करायचं आहे. एक गोष्ट मनात असू द्या. २०२३ मध्ये मायनर लीग खेळाडूंच्या संघटनेनं पहिला करार केला, त्यात ट्रिपल-ए या सर्वांत वरच्या पायरीवरच्या खेळाडूचं किमान वार्षिक वेतन ३५,८०० डॉलर ठरलं, आणि सर्वांत खालच्या पायरीवर १९,८००. त्याआधी याहून कितीतरी कमी होतं. तुमचा कमी झालेला पगारही त्या मुलांपेक्षा बराच जास्त असेल. पगारकपातीबद्दल त्यांच्यासमोर चुकूनही बोलू नका.

बाबांना पटवायला जाऊ नका, त्यांना काम दाखवा. पुढच्या सुट्टीत ते आले की मेजर लीगच्या चकचकीत स्टेडियममध्ये नेण्याऐवजी एखाद्या मायनर लीग सामन्याला न्या. साधे बाकडे, मैदानाला खेटून बसलेली माणसं, आणि अठरा-वीस वर्षांचा पोरगा जीव तोडून चेंडू टाकतोय. कुठला चेंडू कधी आणि का टाकला ते तुम्ही शेजारी बसून सांगा. जिल्ह्याजिल्ह्यांत तालमी आणि मैदानं बघितलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागणार नाही.

आता अटींकडे येते. होकार द्यायच्या आधी त्या संघाशी आणखी एकदा बोला, शक्य असेल तर तुम्ही ज्याच्या हाताखाली काम करणार आहात त्या माणसाशीच. वर्षातले किती दिवस मला मायनर लीगच्या संघांबरोबर राहता येईल, हे विचारा, आणि उत्तर पत्रात लिहून मागा. ‘गरज पडली तर जा’ हे उत्तर नव्हे. कुणाला सोडायचं हे ठरवणाऱ्या बैठकीत मी असेन का, आणि त्या मुलाला ते कोण सांगतं? माझा अहवाल आणि कोचचं मत यांत फरक पडला तर काय करता, मागच्या वर्षी असं झालं तेव्हा काय केलं? असे प्रश्न. शेवटी हेही विचारा, की सामन्यात वापरायच्या माहितीसाठी लीगचे जे नियम आहेत, ते तुमच्याकडे कर्मचाऱ्यांपर्यंत कोण पोचवतं आणि शंका आली तर मी कुणाकडे जायचं. हे विचारताना संकोच वाटेल. २०२० नंतर हा प्रश्न ऐकून कुणाला राग येत असेल, तर तो राग तुम्हाला पहिल्या दिवसाआधीच कळलेला बरा.

चारही प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली तर महिनाअखेरीची वाट बघू नका, होकार कळवून टाका. टाळाटाळ झाली तर नम्रपणे नकार द्या, पण बेसबॉलचा नाद सोडू नका. लीगमध्ये ३० संघ आहेत, प्रत्येकाच्या हाताखाली वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे चार मायनर लीग संघ, शिवाय डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अकादम्या. तुमचं जे काम एकाच्या पाहण्यात आलं, ते बाकीच्या २९ जणांना तुम्ही स्वतः पाठवा. आणि यावेळी खाली ओळ घाला की मला संघाबरोबर बसनं फिरायचं आहे.